एका गाडीतली दोन गाणी



या व्याख्यानमालेत पाटबंधारे, शेतीमालाचे भाव, संतवाङ्मय आणि राज्यघटना असे भारदस्त विषय होत असताना आम्ही मोटारीतल्या रेडिओवर बोलायला उभे राहिलो आहोत, यात थोडे धारिष्ट आहे. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो सांगितला, आणि त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहून मगच तो लिहून घेतला. त्या क्षणभरातच आम्हाला कळले की, या विषयाला आधी थोडी अब्रू मिळवून द्यावी लागणार आहे.

प्रथम ‘आम्ही’ म्हणजे कोण ते सांगतो. व्यासपीठावरून बोलणारा माणूस एकटा असला तरी स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो, ही जुनी चाल आहे. आमचे तसे नाही. आम्ही खरोखरच दोघे आहोत, नवराबायको आहोत, आणि हे भाषण दोघांनी मिळून, पुष्कळसे भांडून लिहिले आहे. नांदेड आणि लातूर या दोन गावांत आमचा संसार वाटला गेला असल्यामुळे मधला सुमारे १४० किलोमीटरचा रस्ता आम्ही वर्षानुवर्षे तुडवीत आलो आहोत. आमच्यापैकी एकाला ख्यालाचे वेड आहे. दुसऱ्याला शब्द लागतात: चित्रपटगीत, भावगीत, लावणी, आराध्यांची गाणी, काहीही चालेल, पण अर्थ हाताला लागला पाहिजे. सोयीसाठी आपण एकाला ख्यालपक्ष म्हणू, दुसऱ्याला गीतपक्ष म्हणू. आमच्यातला कोण कोणत्या पक्षाचा, हे मात्र आम्ही सांगणार नाही. ते सांगितले की निम्मे श्रोते ‘बायकांचे असेच’ आणि उरलेले ‘पुरुषांचे असेच’ असे म्हणून समाधानाने घरी जातात, आणि पुढचे भाषण वाया जाते. गाडीत एक ‘अहो, पुरे आता’ म्हणते आणि दुसरा ‘अगं, थांब जरा’ म्हणतो, एवढ्यावर आपण भागवावे.

घरात असे दोन पक्ष असले तर बिघडत नाही. एकाने माजघरात बसावे, दुसऱ्याने ओसरीवर. मोटारीला ओसरी नसते. दारे लावली की दोन माणसे, एक रेडिओ आणि एक बटण. सक्तीच्या शेजाराची ही जी स्थिती आहे ती फार जुनी नाही. अमेरिकेत शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटारीत बसवण्याजोगा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. दोन वर्षांनी जर्मनीत ब्लाउपुंक्ट कंपनीचा आला. पहिली अडचण आवडीनिवडीची नव्हतीच. इंजिनात पेट्रोल पेटवायला जी ठिणगी पडते, तीही एक बिनतारी लहरच सोडते, आणि रेडिओ ती इमानेइतबारे पकडतो. म्हणजे गाडीचा वेग वाढला की गाण्यातली खरखर वाढायची. ती ठिणगी आडवण्याची युक्ती सापडली, तेव्हा कुठे गाडीत गाणे ऐकू आले; आणि गाणे ऐकू आले तेव्हाच, आमचा कयास आहे, पहिले भांडण झाले असेल.

आमच्या मराठवाड्यात हे यंत्र उशिरा आले. रेडिओ मात्र त्यामानाने लवकर आला होता. निजामाच्या राजवटीत हैदराबादचा ‘दक्कन रेडिओ’ होता, औरंगाबादलाही केंद्र होते. त्यावर उर्दूचे राज्य, मराठीच्या वाट्याला थोडा वेळ. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १९५० साली ही केंद्रे भारत सरकारच्या नभोवाणीत सामील झाली. मराठवाडा मात्र १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला. म्हणजे बघा, १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावरून गदिमांचे आणि सुधीर फडक्यांचे ‘गीतरामायण’ चालू होते, छप्पन्न गीते एकामागून एक येत होती, तेव्हा ज्या कोणा नांदेडकराने खुंटी पिळून पुणे धरले असेल त्याने दुसऱ्या राज्यातले गाणे धरले होते. मराठी मुलूख कागदावर एक होण्याआधी काही घरांत तो कानांनी एक होऊन गेला होता. गीतपक्षाला हा मुद्दा फार प्रिय आहे. ख्यालपक्ष एवढेच म्हणतो की, गीतरामायणातली चाल कोणकोणत्या रागांवर उभी आहे तेही सांगावे. असो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या गाडीतले भांडण एकदा साऱ्या देशात झाले होते, आणि त्या भांडणात एका बाजूला एक मराठी माणूस होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली केंद्रात नभोवाणीमंत्री झाले आणि दहा वर्षे त्या जागी राहिले. गृहस्थ विद्वान, संगीताचे जाणते. राजेरजवाडे गेल्यावर गवयांना पोसणार कोण, हा प्रश्न त्यांना खराखुरा छळत होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी दिले: नभोवाणी पोसेल. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, पुढे आकाशवाणीची संगीतसंमेलने भरू लागली. गावोगावच्या कलावंताला ध्वनिपरीक्षा देऊन श्रेणी मिळण्याचा आणि महिन्याकाठी चार पैसे मिळण्याचा मार्ग रुंद झाला. जन्माने नांदेडचे असलेले पंडित नाथराव नेरळकर, जे २०२१ साली आपल्यातून गेले, त्यांच्यासारख्यांचे गाणे मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत पोचले ते मैफलीतून किती आणि आकाशवाणीवरून किती, याचा विचार ज्याचा त्याने करावा. ख्यालपक्ष केसकरांचे नाव निघाले की गाडीतसुद्धा सावरून बसतो.

परंतु केसकरांनी दुसरीही गोष्ट केली. चित्रपटगीतांची वेळ त्यांनी कापली. गीत लावताना चित्रपटाचे नाव सांगायचे नाही, कारण ती जाहिरात होते, असा दंडक घातला. निर्माते बिघडले, त्यांनी हक्क काढून घेतले, आणि सिनेमाचे गाणे आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले. मग लोकांनी काय केले? लोकांनी खुंटी पिळली. सिलोनचे केंद्र लघुलहरींवर होते. त्याला हिंदुस्थानच्या मंत्र्याची पर्वा करण्याचे कारण नव्हते. १९५२ सालीच तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी ‘बहनो और भाइयो’ म्हणत तेव्हा सारा देश सरकारचे घर सोडून शेजारच्या ओसरीवर जाऊन बसे. सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत वारले, तेव्हा गीतपक्षाने त्या दिवशी गाडीत ख्याल लावू दिला नाही. ख्यालपक्षानेही मागितला नाही.

पाच वर्षे हा तमाशा चालला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारनेच हलक्याफुलक्या गाण्यांचे वेगळे केंद्र काढले. कवी पंडित नरेंद्र शर्मा यांनी त्याला नाव दिले: विविध भारती. त्यातला ‘विविध’ हा शब्द आम्हाला तहनाम्यावरच्या सहीसारखा वाटतो.

या प्रकरणात केसकर चुकले असे म्हणणे सोपे आहे, आणि ते सगळे म्हणतात. आमचे मत थोडे निराळे आहे. त्यांनी जे लावले ते उत्तमच लावले. त्यांचा घोटाळा झाला तो बटणापाशी. एखाद्याला आपले गाणे ऐकवणे ही एक गोष्ट आणि त्याचे गाणे बंद करणे ही दुसरी. पहिली केल्याशिवाय दुसरीचा अधिकार येत नाही. आणि पहिली नीट साधली तर दुसरीची गरजच उरत नाही. तशी नभोवाणीला बंदीची खोड जुनीच. १९४० साली इंग्रजांच्या अमलात तिने पेटी बंद केली होती, का तर पेटीच्या सुरांतून मींड निघत नाही आणि श्रुती सांभाळत नाहीत. बिचारी पेटी तीस वर्षे दाराबाहेर बसली. तेवढ्या काळात महाराष्ट्रातल्या एकाही कीर्तनकाराने पेटी सोडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

याच ठिकाणी आमच्या मायबोलीने करून ठेवलेली एक सोय सांगावीशी वाटते. मुंबई केंद्रावरून श्रोत्यांच्या फर्माइशीची मराठी गाणी लागत, त्या कार्यक्रमाचे नाव ‘आपली आवड’. ‘आमची आवड’ नव्हे. हिंदीवाल्याला ‘हम’ या एकाच शब्दात दोन्ही कोंबावे लागते, इंग्रजाचीही तीच अडचण. मराठी माणसाला मात्र तोंड उघडताच ठरवावे लागते की, समोरच्याला धरून बोलायचे की वगळून. ‘आम्हाला हे आवडते’ म्हटले की तुम्ही बाहेर, ‘आपल्याला हे आवडते’ म्हटले की तुम्ही आत, मग तुमची इच्छा असो वा नसो. केसकर साऱ्या देशाच्या वतीने ‘आपल्याला’ म्हणत होते. आणि संसारातली निम्मी भांडणे, आमच्या अनुभवाने, एकाने दुसऱ्याला न विचारता ‘आपल्याला’ म्हटल्यामुळे होतात.

आता रस्त्यावर येऊ. नांदेडहून निघालो की विष्णुपुरीपाशी गोदावरीचे अडवलेले पाणी दिसते, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ मागे पडते, मग सोनखेड, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर आणि लातूर. हा नागपूरकडून तुळजापूरला जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. तो चौपदरी झाला, प्रवासाचा वेळ वाचला, कडेची जुनी झाडे मात्र पुष्कळ गेली. या रस्त्यावर आकाशातल्या लहरींचा एक नकाशा आहे, तो दगडामातीच्या नकाशाहून वेगळा आहे. एफ.एम.ची लहर नजरेसारखी सरळ जाते. नांदेडचे केंद्र शहरात लखलखीत वाजते. बालाघाटाचे उंचवटे मध्ये आले की अडखळू लागते. एफ.एम.चा आणखी एक स्वभाव आहे: एकाच जागी दोन केंद्रे आली तर जे बलवान तेच ऐकू येते, दुबळे पुरते गप्प बसते. मध्यमलहरींचे तसे नाही. तेथे दोन्ही एकदम ऐकू येतात, एकाच्या पाठीमागून दुसरे, भिंतीपलीकडून आल्यासारखे. दिवसा मध्यमलहर जमिनीलगत चालते, वर गेलेली लहर वातावरणातला एक थर गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहर वरच्या थरावर आपटून शेकडो कोसांवर खाली उतरते. पूर्वी जुन्या गाडीत रात्री चाकूरजवळ खुंटी फिरवली की कानडी, तेलुगू, उर्दू, कुठली कुठली केंद्रे यायची. भाषा कळायची नाही म्हणून गीतपक्ष हिरमुसायचा, आणि नेमका त्याच कारणाने ख्यालपक्ष खूश व्हायचा.

आणि मोटार स्वतःही तटस्थ नसते, हे आम्हाला बऱ्याच उशिरा उमगले. चाकांची घरघर, वाऱ्याचा घोष, हे सगळे खालच्या पट्टीतले आवाज; ते खालच्या पट्टीतलेच सूर आधी झाकतात. विलंबित ख्यालाची सुरुवात मंद्रात, हलक्या आवाजात, तानपुऱ्याच्या गुंजनात. गाडीत ती चाकाखाली जाते. म्हणून आवाज वाढवावा, तर तारसप्तकातली तान आली की काचा थरथरतात. चित्रपटगीत असे गाऊन आणि जुळवून ठेवलेले असते की लहानमोठा आवाज फार वरखाली होत नाही, आणि केंद्रावरून सोडताना ते आणखी सपाट करतात. ते गाडीत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू येते. म्हणजे मैफलीत जो ख्याल जिंकतो तो महामार्गावर हरतो, आणि यात त्याच्या योग्यतेचा संबंध नाही. ख्यालपक्षाला वर्षानुवर्षे वाटत होते की, गीतपक्ष ऐकून घेत नाही. वास्तविक त्या बाजूच्या आसनावर अर्धा ख्याल पोचतच नव्हता.

आम्ही जो तह केला तो साधा आहे. नांदेड ते माळाकोळी एका पक्षाचे राज्य, माळाकोळी ते लातूर दुसऱ्याचे, परतताना उलट. पुढे एक पोटकलम जोडावे लागले: सुरू झालेले गाणे तोडायचे नाही. हे कलम गीतपक्षाने सुचवले, यावर आज कोणाचा विश्वास बसत नाही. झाले असे की, एकदा माळाकोळीची कमान दिसू लागली तेव्हा मारव्याचा विलंबित नुकता कुठे रंगात येत होता. ख्यालपक्षाने तहाला जागून बटणाकडे हात नेला. गीतपक्ष म्हणाला, एवढे तासभर धीर धरून ऐकले ते काय द्रुत ऐकल्याशिवाय उठून जायला? आणि गाडी रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली उभी करवली, इंजिन बंद करवले. इंजिन बंद झाल्यावर तानपुरा ऐकू आला. आम्ही दोघांनीही त्या रस्त्यावर तो प्रथमच नीट ऐकला. त्या दिवशी लातूरला पोचायला उशीर झाला आणि तेथे ज्यांच्याकडे जेवायला जायचे होते त्यांनी बोल लावला, तो आम्ही खाल्ला.

एका ठिकाणी मात्र तहाची गरज पडत नाही. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात कीर्तन चालू असते. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी याच गावी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. हा ग्रंथ रागांप्रमाणे लावलेला आहे; रागाचे नाव आधी, पद नंतर. त्यात आपल्या नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. आणि नामदेवांचे नाव जिच्याशी जोडले जाते ती नरसी नांदेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. वारकरी फडावर टाळमृदंगात उभा राहणारा नामा येथे वेगळ्या वेशात, वेगळ्या बोलीत भेटतो. त्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण गाडीत लावले की ख्यालपक्ष राग ऐकतो, गीतपक्ष नामदेवांचे शब्द ऐकतो, आणि गाताना रागी पेटी वाजवीत असतात, जिला एके काळी नभोवाणीत मज्जाव होता. लातूरच्या बाजूलाही अशा जागा आहेत. सूरतशहावली दर्ग्याच्या उरुसातली कव्वाली, लिंगायत घरांतली मन्मथस्वामींची पदे, तुळजापूरच्या वाटेने चाललेल्या आराध्यांची संबळीवरची गाणी. यांतले रेडिओवर फार थोडे येते. गाडीच्या काचा खाली केल्या तर पुष्कळ येते.

आता काळ पालटला आहे. रेडिओसाठी टपाल कचेरीत वर्षाचा परवाना काढावा लागे, ते दिवस गेल्यालाही चाळीसएक वर्षे झाली. आता गाडीत रेडिओ असतो, पण तो क्वचित कोणी लावतो. मोबाईलमधून जे हवे ते हव्या त्या क्षणी वाजते. आमची भाचरे मागच्या बाकावर बसली की प्रत्येकाच्या कानात आपापली गोळी. चार माणसे, चार गाणी, आणि गाडीत चिडीचूप. त्यांच्यात भांडण होत नाही, हे खरे. परंतु त्यांच्यापैकी एकालाही दुसरा काय ऐकतो ते सांगता आले नाही. आम्ही विचारून पाहिले.

शेवटची गोष्ट थोडी आमच्यापुरती आहे. पण विषय कानांचा आहे, म्हणून सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी गीतपक्षाला ऐकू कमी येऊ लागले. वयामुळे कान मंदावतो तेव्हा वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, आणि भाषेतली स, श, फ, थ ही व्यंजने तेथेच राहतात. म्हणजे आवाज ऐकू येतो, बोलणे कळत नाही. गाडीच्या घरघरीत तर मुळीच नाही. ज्याचे सारे गाणे शब्दांवर उभे, त्याच्या हातून नेमके शब्द निसटले. यंत्र घेतले आहे, त्याचा घरात उपयोग होतो. गाडीत ते चाकांची घरघरही मोठी करते.

मग गेल्या दिवाळीत माळाकोळीच्या पुढे, म्हणजे स्वतःच्या राज्यात, गीतपक्षाने आपण होऊन ख्याल मागितला. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, आलापात कळायचे राहून गेले असे काही वाटत नाही. हे ऐकून ख्यालपक्षाला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षे ज्याच्यासाठी भांडण केले ते न मागता पदरात पडले होते. पण दोन-तीन फेऱ्यांनंतर ख्यालपक्षानेच बटणाला हात घातला आणि जुनी चित्रपटगीते लावली. तेव्हापासून अहमदपूर ते लातूर असे चालते: गाणे लागते, आणि ज्याने जन्मात कधी त्या गाण्यांचे शब्द लक्ष देऊन ऐकले नव्हते तो पक्ष प्रत्येक ओळ संपली की ती मोठ्याने, सुराबिराची पर्वा न करता, शेजारच्या आसनाकडे तोंड करून म्हणतो. गीतपक्षाला ती गाणी पाठच असतात. चुकलेला शब्द तो लगेच दुरुस्त करतो, आणि चाकूर येईपर्यंत पुष्कळ दुरुस्त्या झालेल्या असतात.